खडेमीठ

उदगीरच्या मोंढ्यात माझा वजनकाटा आहे,
म्हणजे मालकाचा; मी आकडे वाचतो.
तुरीचा ट्रक चढतो, थरथरतो, स्थिर होतो,
मग मी पावती फाडतो.
पायांचं तसं नाही.
चप्पल कुठं सुटली ते मागून येणारा हमाल सांगतो:
"मन्मथअप्पा, एक तिकडंच राहिली की."
तो हसतो. मीही.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं.
मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी,
मेंदूखाली वाटाण्याएवढी दुसरी.
वरची खालचीला हाक मारते,
खालून ओ येत नाही,
मग ती आणखी जोरात ओरडते,
आणि ते ओरडणंच, म्हणाल्या, तुमच्या कातडीवर उमटतंय.
मी तळहाताच्या रेघा पाहिल्या,
अंगठ्याच्या पॅडवर घासल्यासारख्या काळ्या.
घरी सगळे म्हणत होते, मोंढ्यातलं ऊन.

आणि पाय?
तेही त्याच घरचं दुखणं.
एक चरबी असते, तुटायची ती तुटत नाही,
नसांच्या वेष्टणात साचत राहते.
गोळ्यांनी ग्रंथीचं भागेल, पायांचं नाही.
हे त्यांनी चष्मा काढून सांगितलं.

"आलं कुठून?" मायनं विचारलं.
बाईंनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं,
"तुम्हाला भाऊ होता का?"

होता. बसलिंगमामा, देवणीचा.
मी त्याच्या वळणावर गेलोय
हे मी पाळण्यात असल्यापासून चाललंय:
नाक, आवाज, उजवीकडं कललेली मान.
पुढचं कुणी मोजलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बीदर येईपर्यंत माय गप्प.
मग खिडकीला म्हणाली,
"खडेमीठ चघळायचा रे तो.
चुलीमागच्या गाडग्यातून, मूठ मूठ.
मी पळी हाणली होती त्याच्या हातावर.
दोन दिसांच्या तापात गेला, पोळ्याच्या आदल्या दिशी.
आन् आम्ही शेजारणीची करणी म्हणून
तिच्या दारातून वीस वर्सं गेलो नाही."
मागच्या सीटवर कुणीतरी शेंगा फोडत होतं.

आता सकाळी दीड गोळी, दुपारी अर्धी, सांजेला अर्धी.
निरोगी माणसात म्हणे हा रस
पहाटे, डोळा उघडायच्या आधीच चढायला लागतो,
जाग येते ती थोडी त्याच्यामुळं.
मला वाटायचं, नळाला पाणी सुटतं म्हणून.
ताप आला तर डोस दुप्पट,
उलटी झाली तर सुई, थेट दवाखाना.
शर्टाच्या खिशात कार्ड: याच्या गोळ्या बंद करू नका.
पावतीपुस्तकाला लागून ते घामानं मऊ पडलंय.

शांभवी झाली तेव्हा चुलत्यानं पाठ थोपटली होती,
"पुढच्या खेपेला मुलगा होईल."
तेव्हा कुणाला ठाऊक होतं,
मुलगा असता तर माझ्याकडून सुटला असता.
मुलीला ते जाणारच.
माय तिची वेणी घालते
तेव्हा मी पेपर वाचतो.
तिच्यात ते किती जागं होईल, होईल की नाही,
बाईंनाही सांगता आलं नाही.

एका रविवारी ती काट्यावर जाऊन उभी राहिली,
दोन्ही हात पसरून, ट्रक असल्यासारखी.
"अप्पा, आकडा का येईना?"
म्हटलं, एवढ्याशा वजनाला हा हलत नाही बाई.
आणि गजर वाजला,
अर्ध्या गोळीचा.

घरी मिठाचं गाडगं आता ताटाशेजारी असतं.
माय ते ठेवते, माझ्याकडं बघत नाही.
गेल्या सोमवारी ती न सांगता देवणीला जाऊन आली.
शेजारीण कधीच वारलेली.
सुनेनं चहा केला म्हणे.
काय बोललात, विचारलं,
तर म्हणाली,
लई गोड होता.